एकटा डाग

सूर्याचा फोटो काढायचा तर आधी सूर्य दिसावा लागतो, आणि आमच्या हार्लिंगन गावात नेमकं तिथेच घोडं अडतं. समुद्राकडून ढग येतात, ते येतच राहतात. मी तेहतीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडण्या-मिटण्याचं काम केलं. काचेच्या खोलीत बसायचं, शिडाची बोट आली की रस्ता अडवून पूल वर घ्यायचा, आणि मधल्या वेळात आभाळ बघायचं. त्यामुळे ढगाला भोक कधी पडणार, हे मला हवामान खात्याच्या आधी कळतं असं मी म्हणते. फोल्कर्ट म्हणतो, "कळतं खरं, पण तू दुर्बिणीपाशी पोचेपर्यंत भोक बुजलेलं असतं." फोल्कर्ट माझा नवरा. माझ्या प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे एक वाक्य तयार असतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी परसातला कपडे वाळत घालायचा खांब उपटून काढला. तिथे गुडघाभर खड्डा खणून काँक्रीट ओतलं आणि त्यावर दुर्बीण बसवली. फोल्कर्टचे शर्ट तेव्हापासून माळ्यावर वाळतात. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्याचा फिल्टर, मागच्या टोकाला कॅमेरा. एका फोटोनं काही होत नाही, कारण आपल्या डोक्यावरची हवा सारखी थरथरत असते. म्हणून दोन हजार फोटो घ्यायचे, त्यातले बरे संगणकानं निवडायचे आणि एकावर एक रचायचे. मग कुठे डागांच्या कडा दिसायला लागतात. हे सगळं उरकून साडेदहाच्या सुमारास, गाव कॉफी प्यायला बसतं तेव्हा, मी आमच्या खगोल मंडळाच्या गटावर त्या दिवसाचा सूर्य टाकते. पाच वर्षं झाली. याहून जास्त सुखाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही आणि हे म्हणताना मला पुलाविषयी जराही वाईट वाटत नाही.

मला हा नाद लावला लोल्के मास्तरांनी. मी दहा वर्षांची असताना ते आम्हाला शिकवायचे. एकदा त्यांनी शाळेच्या अंगणात दुर्बीण आणली, तिच्या मागे पांढरा कागद धरला, आणि त्या कागदावर बशीएवढा सूर्य आला. त्यावर तीन काळे ठिपके होते. "प्रत्येक ठिपका पृथ्वीपेक्षा मोठा आहे," ते म्हणाले. मी त्या दिवशी जेवले नाही. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत, मी एकसष्ट, आणि अख्खं गाव त्यांना अजून मास्तरच म्हणतं. फोटोबिटो त्यांना मान्य नव्हते. एकेचाळीस वर्षं, सूर्य दिसला की रोज, कागदावर सूर्य पाडून ते पेन्सिलीनं एकेक डाग काढायचे. महिन्याच्या शेवटी डागांची मोजदाद ब्रसेल्सला पाठवायचे, तिथे जगभरच्या हौशी लोकांचे आकडे गोळा होतात. मीही पाठवते, पण माझी पाच वर्षं त्यांच्या एकेचाळिसांपुढे काय!

गेल्या सप्टेंबरात वीबेच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. वीबे आमच्या मंडळाचा अध्यक्ष, व्यवसायानं दातांचा डॉक्टर, किडलेली दाढ बघूनही ज्याला उत्साह येतो असा माणूस. गावच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर एकाच दिवसाचे दोन सूर्य शेजारी शेजारी लावायचे: एक माझा फोटो, एक मास्तरांचं चित्र. त्यानं जूनमधला एक मंगळवार निवडला. त्या दिवशी सूर्यावर दोन मोठे गट होते, त्यांच्याभोवती बारीक ठिपक्यांची पिलावळ, आणि सगळ्यांपासून दूर, वरच्या बाजूला, एक गोल डाग एकटाच. वीबेनं त्याचं नावच 'एकटा' ठेवलं.

"डागाला डाग जुळतोय, हिस्के!" तो फोनवर जवळजवळ ओरडला. "एकटासुद्धा! केसाचा फरक नाही. एकीकडे यंत्र, एकीकडे माणसाचा हात, आणि सूर्य तोच. माझं भाषण आत्ताच तयार आहे."

शनिवारी उद्‌घाटन ठरलं. माझा फोटो मीटरभर रुंद छापून आला. मी तो दिवाणखान्यात कपाटाला टेकवून ठेवला आणि येता-जाता बघत राहिले. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. आजवर माझं काही कुठल्या भिंतीवर लागलेलं नव्हतं.

शनिवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी पाऊस पडत होता. ग्रंथालयातल्या बाईंना फोटोखाली एक छोटी पट्टी हवी होती, सूर्य स्वतःभोवती फिरतो हे दाखवणारी. म्हणून मी जूनमधल्या त्या मंगळवारनंतरच्या बुधवारचे फोटो उघडले. त्या बुधवारी ढगांच्या फटीतून घाईघाईत दोन-तीनशे फोटो घेतले होते, सूर्य चौकटीच्या मधोमध आणायलाही वेळ मिळाला नव्हता, आणि नंतर ते तसेच पडून राहिले होते. उघडले, तर दोन्ही मोठे गट बरोबर पुढे सरकलेले. एकटा मात्र सूर्याच्या काठाशी जाऊन बसला होता. एका दिवसात एवढा पल्ला कुठलाच डाग मारत नाही. मी मंगळवारचा फोटो शेजारी ठेवला, चौकटीच्या कडेपासून मोजलं. सूर्य हलला होता, एकटा चौकटीत जागचा हललेला नव्हता.

ती धूळ होती. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर बसलेला एक कण.

असे कण पकडायला रोज एक कोरा, पांढरा फोटो घ्यायचा असतो. त्या मंगळवारी ढग येताना दिसले म्हणून मी तो टाळला होता. आणि यातली खरी गंमत अशी, की माझी दुर्बीण जरा ढिली असती तर सूर्य चौकटीत डुलला असता, त्या कणाची फरफट झाली असती आणि मला लगेच कळलं असतं. पण मी खांब असा पक्का ओतला होता, दुर्बीण अशी नेमकी लावली होती, की दोन हजार फोटोंत तो कण सूर्यावर एकाच जागी राहिला आणि संगणकानं त्याला इमानेइतबारे काळाकुट्ट केलं. माझ्या टापटिपीनंच मला तोंडघशी पाडलं.

मी फोल्कर्टला हाक मारली. त्यानं चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले.

"धूळ?" तो म्हणाला. "अडतीस वर्षं या घरात तुला धूळ दिसली नाही. शेवटी दिसली ती सूर्यावर!"

मी हसले. पोट धरून हसले. दूर एकटा असलेला डागही वेगळा गट धरतात, म्हणून त्या एका कणाची मोजणीत अकरा अशी नोंद होते, दहा गटाचे आणि एक डागाचा, आणि मी ते अकरा गुण ब्रसेल्सला पाठवून मोकळी झाले होते. डोळे पुसता पुसता माझी नजर टेबलावरच्या मास्तरांच्या चित्राच्या प्रतीवर गेली आणि हसू तिथेच थांबलं. त्यांच्या कागदावरही एकटा होता. माझ्या कॅमेऱ्यातली धूळ, त्यांच्या पेन्सिलीनं काढलेली, अगदी जागच्या जागी.

कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली होती: अकरा वाजून पाच मिनिटं.

मंडळानं मास्तरांच्या सगळ्या कागदांच्या प्रती करून ठेवल्या आहेत. मी एकेक बघत गेले. एकेचाळीस वर्षं नऊ दहा, नऊ दहा, क्वचित सव्वानऊ. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून मात्र अकरा, अकरा पाच, अकरा वीस. मला वाटायचं, वय झालं, उशिरा उठत असतील. मार्चमध्ये मी आठवडाभर बहिणीकडे ग्रोनिंगनला होते, फोटो टाकले नव्हते. त्या आठवड्यातल्या मास्तरांच्या कागदांवर नुसते मोठे गट होते. बारीक ठिपका एकही नाही.

"माझ्या फोटोवरून काढतात," मी म्हणाले. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसानं मला बजावलं होतं, दिसेल तेवढंच काढायचं, वाटेल ते नाही! मग तो मार्चमधला एक कागद पुन्हा समोर धरला. मोठ्या गटाभोवती पेन्सिल जरा घुटमळली होती, हलक्या हातानं कागदाला नुसती टेकून उचललेली. ती ठिपके शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हते.

फोल्कर्ट माझ्यासमोर बसला. "धूळ काढून टाक, फोटो नव्यानं छाप आणि मूग गिळून गप्प बस."

"म्हणजे एकटा त्यांच्या कागदावर राहिला आणि माझ्या फोटोत नाही. वीबे पहिल्या मिनिटाला विचारेल."

"मग राहू दे दोन्हीकडे. एका ठिपक्यानं सूर्याचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय," मी म्हणाले. "आणि सांगितलं तर त्यांचं. एकेचाळीस वर्षांचं, गावासमोर."



बुधवारी सकाळी मी साखरेचा पाव घेतला आणि सायकलवरून मास्तरांकडे गेले. बायको, आन्के, गेल्यापासून ते चर्चमागच्या गल्लीत एकटेच राहतात, मुलगी दूर झ्वोलेला. त्यांनी दार उघडलं, पाव हातात घेऊन हुंगला आणि म्हणाले, "हिस्के! शनिवारी कोट घालायचा का गं? वीबे म्हणतो घालाच. मला तर पुरायला नेत असल्यासारखं वाटेल."

ते कॉफी ओतायला लागले. कपाच्या काठाला आतून बोट लावून धरलं होतं, आणि कॉफी बोटाला लागल्यावर थांबले. मी गेली कित्येक वर्षं या घरात कॉफी पितेय. हे मी कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"मास्तर, माझ्या फोटोत चूक आहे."

"कसली?"

"एकटा. तो डाग नाहीये. माझ्या कॅमेऱ्यात धूळ होती."

मी रस्ताभर एक वाक्य तयार करत आले होते, ते घाईनं बोलून टाकलं: "तुमच्याही भिंगावर तेव्हा काही बसलं असेल, नाही का? होतं असं कधी कधी."

"हिस्के," ते शांतपणे म्हणाले, "तुला दहाव्या वर्षीही थाप मारता यायची नाही. दोन घरांतल्या दोन दुर्बिणींत धूळ एकाच जागी बसते होय?"

मी मान खाली घातली. जणू मीच पकडले गेले होते.

"मधोमध धूर झालाय," ते म्हणाले आणि डोळ्यासमोर हात गोल फिरवला. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेकडेनं दिसतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, थोडा वेळ लांबवता येईल, परत काही येणार नाही. मोठे गट दिसतात अजून. बारीक दिसत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, आज सूर्यावर बारीक नाहीतच, आणि मी चक्क खूश झालो. मग मुलीनं दिलेल्या त्या टॅबलेटच्या पाटीवर तुझा फोटो मोठा करून बघितला. नऊ होते."

"मला सांगायचंत ना."

"सांगून काय? बंद करावं लागलं असतं. आन्के गेली त्या दिवशीसुद्धा मी सकाळी चित्र काढलं होतं. दुसरं काय करायचं ते मला माहीतच नव्हतं." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तुला राग आला?"

"आला होता. खूप. पण वेळ तरी खरी लिहिलीत तुम्ही. अकरा पाच."

त्यांनी दचकून मान वर केली. "म्हणजे काय? वेळ खोटी कशी लिहिणार?"

त्यांना खरंच धक्का बसला होता. मला हसू आलं, मग त्यांनाही आलं, आणि हसताहसता मला रडू फुटलं. त्यांनी टेबलावरून चाचपत माझ्याकडे रुमाल सरकवला आणि पावाचा जाड तुकडा कापला.

कॉफी संपल्यावर ते उठले आणि कपाटातून तो जूनचा मूळ कागद काढला. निरीक्षणाच्या कागदावर खोडरबर चालत नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची.

"कुठे आहे तो? माझं बोट ठेव त्यावर."

मी त्यांचं बोट एकट्यावर ठेवलं. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, मग समासात, फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'हा डाग मी पाहिलेला नाही. हिस्केच्या फोटोवरून घेतला. तिथे तो धुळीचा कण होता. नऊ नोव्हेंबरपासूनचे सगळे लहान डाग मी असेच घेतले आहेत. माझ्या डोळ्यांना ते आता दिसत नाहीत.' खाली सही केली.

"शनिवारी हेच लावा," ते म्हणाले.

"सगळं गाव वाचेल, मास्तर."

"त्यातल्या अर्ध्यांना मीच वाचायला शिकवलंय. वाचू दे."

मग मीही फोटो बदलला नाही. एकट्याकडे बाण काढला आणि लिहिलं: धूळ, माझी.

शनिवारी वीबेचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. "अजून तास आहे," तो माझ्या कानाशी पुटपुटत राहिला, "दुसरा कुठला तरी दिवस लावू, कोणाला कळणारही नाही." मास्तर कोट घालून शेजारीच उभे होते. त्यांचे कान शाबूत आहेत. "वीबे," ते म्हणाले, "पाचवीत तू शेजारच्या वहीतून भागाकार उतरवला होतास. मी तुला त्याखाली काय लिहायला लावलं होतं?" वीबेनं गप्पपणे दोन्ही चौकटी भिंतीवर चढवल्या. त्याचं निम्मं भाषण एकट्यावर होतं, ते गळालं, आणि उरलेलं बरंच सुधारलं.

लोक आले, फोटो बघून 'वा' म्हणाले आणि मास्तरांच्या कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. कुणी कुजबुजलं नाही, कुणी हसलं नाही. बोटी दुरुस्त करणाऱ्या एका आडदांड म्हाताऱ्यानं समास शेवटपर्यंत वाचला, स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि बायकोला म्हणाला, "बरं, सोमवारी घे त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ. किती दिवस मागे लागलीयेस." मी दूरवरून मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्याभोवती त्यांचे चाळीस-पन्नास वर्षांचे विद्यार्थी जमले होते आणि ते कुणाचा तरी आवाज ओळखण्याची पैज लावत होते. मला त्या क्षणी माझ्या फोटोचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की यांची चित्रांची मालिका आज इथे संपली आणि संपवली मी.

आम्ही दोघांनी मिळून ब्रसेल्सला पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं: नऊ नोव्हेंबरपासूनचे कागद बाजूला ठेवले आहेत, आधीचे सगळे जसेच्या तसे राहतील, कळवल्याबद्दल आभार.

त्यानंतरचे सहा दिवस आभाळ नुसतं करडं होतं. सातव्या दिवशी वारा फिरला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. साडेनऊला मी परसात जाऊन दुर्बिणीवरचं कापड काढत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मास्तर होते. बगलेत चित्र काढायची फळी, खिशात पेन्सिली, आणि चालून चालून लाल झालेलं नाक.

"कॅमेरा काढ," ते म्हणाले. "कागदावर पाड सूर्य. तू बघ आणि मला सांग. मी काढतो."

मी कॅमेरा काढला, फिल्टरही काढला, त्यांची फळी दुर्बिणीमागे लावली. कागदावर सूर्य थरथरत उभा राहिला. कागदाला चौकोन आखलेले होते. "वरून तिसरी ओळ, डावीकडून पाचवा," मी सांगायची, आणि त्यांची पेन्सिल कडेकडेच्या नजरेनं वाट काढत तिथे जाऊन टेकायची. एकदा मी म्हणाले, "इथे बहुतेक एक आहे." ते कडाडले, "बहुतेक म्हणजे? दिसतोय की नाही? नीट बघ, घाई कसली आहे?" मी पुन्हा पाहिलं. नव्हता. पाऊण तास असा गेला. फोल्कर्ट बाहेर कॉफी ठेवून गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता गेला.

चित्र झालं. मास्तर कागदाच्या वरच्या ओळी भरू लागले. निरीक्षकाच्या जागी त्यांनी लिहिलं: डोळे हिस्के, हात लोल्के. मग कागदाचा क्रमांक. त्यांचा शेवटचा कागद आठ हजार चारशे बारावा होता, म्हणून मी म्हणाले, "चारशे तेरा, मास्तर."

"ते माझे होते," असं म्हणत त्यांनी चौकोनात ठळक 'एक' लिहिला. "हा आपला पहिला."

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. सूर्याचे डाग वाढतात, कमी होतात आणि पुन्हा वाढतात, त्या एका फेऱ्याला अकरा वर्षं लागतात. तेवढी झाल्याशिवाय कुठल्याही मालिकेला फारसा अर्थ नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"अकरा वर्षं लागतील," मी म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय," शहाऐंशी वर्षांचे मास्तर पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "उद्या नऊ दहाला तयार राहा. आज आपल्याला उशीर झाला."